मागची टाकी

"बाई येऊ देत तर खरं! पाणी असं नितळ करून दाखवतो, की बघतच राहतील!" रंगारी सकाळपासून दहाव्यांदा गरजला.

आवाज मोठा होता, पण आतून पाचावर धारण बसली होती. त्याच्या कारखान्याचं लाल सांडपाणी मागच्या टाकीतून थेट गटारात जायचं. पाणी तपासणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, आज दुपारपर्यंत रंग काढा, नाहीतर कुलूप! यावर त्यानं उपाय शोधला केळीच्या सालांच्या भुकटीचा. ती म्हणे पाण्यातला रंग ओढून घेते. महिनाभर अख्ख्या गल्लीची सालं गोळा केली, वाळवली, बायकोच्या मिक्सरमधून काढली. मिक्सर कामातून गेला, पण गोणी भरली!

"मेहुणेबुवा, गोणी मागच्या टाकीत ओता," असं बायकोच्या भावाला फर्मावून स्वारी दाढी करायला घरात गेली.

परत येऊन बघतो तर बाई आधीच हजर! आणि वाकून बघताहेत पुढची टाकी! त्या टाकीत बँडवाल्यांच्या कोटांसाठी पहाटे कालवलेला ताजा लाल रंग होता. आता त्यात नुसतं स्वच्छ पाणी, तळाला सालांचा गाळ.

"अरे, मागच्या म्हणालो होतो ना!" तो मेहुण्याच्या कानात खेकसला.

"मी दाराकडे तोंड करून उभा होतो, भाऊजी. माझ्या मागे हीच होती!"

"छान! करू सही?" बाईंनी पेन काढलं.

नुसती मान हलवली की कारखाना वाचला! रंगाऱ्यानं मान अर्धी हलवलीसुद्धा. पण घराच्या दारातून बायको रोखून बघत होती.

"थांबा बाई! हे सांडपाणी नव्हेच. ते मागे आहे, जसंच्या तसं लाल. लावा कुलूप!" लाजेनं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "कधी बोलताय, याचीच वाट बघत होते. येताना तुमच्याच गटारात पाय गेला माझा!" त्यांनी पाय उचलून दाखवला. एक बूट पांढराशुभ्र, दुसरा लालभडक! "पण भुकटी काम करते, हे दिसलं. आठ दिवस देते."

रंगाऱ्याला आभाळ ठेंगणं झालं. "द्या तो बूट, बाई! आत्ता रंग उतरवून देतो!"

"भुकटी संपली, भाऊजी," मेहुणा पुटपुटला.

रंगाऱ्यानं क्षणभर डोकं खाजवलं. मग म्हणाला, "असं करा बाई, पांढरा द्या. तोही लाल करून देतो. जोडी तरी जमेल!"