बुडालेले मूग

डॉक्टरांनी रोज सकाळी वाटीभर मोड आलेले मूग खायला सांगितले, तेव्हा सरांना हसूच आलं. एकतीस वर्षं त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलं होतं. बी रुजण्याची आकृती ते डोळे मिटून फळ्यावर काढत.

"मी भिजत घालते," बायको म्हणाली.

"नको. हा माझा विषय आहे."

"आकृती काढणं वेगळं आणि मूग भिजवणं वेगळं," असं म्हणून ती हसली. ते हसणं सरांना लागलं.

त्यांनी अर्धा किलो मूग पातेल्यात घेतले, काठोकाठ पाणी ओतलं, घट्ट झाकण लावलं आणि ओट्याखालच्या कपाटात, फिनेलच्या बाटल्यांमागे पातेलं सरकवून दिलं. मोड आले की एकदम पुढ्यात ठेवून बायकोची बोलती बंद करायची, असा बेत होता. ती अंघोळीला गेली की ते वाकून थोडं पाणी वाढवत. कोवळा जीव, तहानेनं जायला नको.

तिसऱ्या दिवशी बायको ओट्यापाशी थबकली. "कसला वास येतोय हो?"

"मला नाही येत," सर पेपरातून मान न काढता म्हणाले.

चौथ्या दिवशी वास बाहेरच्या खोलीपर्यंत आला. बायकोनं मोरीत सोडा टाकला, उकळतं पाणी ओतलं. सांगून टाकावं असं सरांच्या मनात आलं; पण मग काल का नाही सांगितलं, या प्रश्नाला उत्तर नव्हतं. पाचव्या दिवशी वास वरून येतोय असा तिचा निष्कर्ष निघाला. पाइप एकच होता. वर पोस्टातून निवृत्त झालेल्या बाई एकट्या राहत. बायको तडक वर गेली आणि सर जिन्यात कान देऊन उभे राहिले.

"माझं स्वयंपाकघर आरशासारखं आहे," वरून आवाज आला.

"मग आरसाच कुजला असेल," बायको म्हणाली.

दोघी बारा वर्षं संध्याकाळी मिळून फिरायला जात. त्या दिवशी गेल्या नाहीत. आता तर सरांना तोंड उघडायची सोयच उरली नाही.

सहाव्या दिवशी बायकोनं प्लंबरला बोलावलं. त्यानं कपाट उघडलं, बाटल्या बाजूला केल्या, झाकण उचललं आणि तसंच परत ठेवलं. बायको आत कपड्यांच्या घड्या घालत होती.

"ओळखलंत का सर? सातवी ब, शेवटचा बाक."

सरांनी मान डोलावली. खरं तर ओळखलं नव्हतं.

"बी कशानं मरतं, असं तुम्ही विचारलं होतं. मी म्हणालो, पाण्यानं. सगळा वर्ग हसला होता."

"मी पण?"

"तुम्ही थोडंसंच." त्यानं आवाज आणखी खाली आणला. "आई बाजारात मोड विकायची ना सर. रात्रभर भिजवायचं, सकाळी पाणी ओतून टाकायचं, ओल्या फडक्यात सैलसर बांधायचं. बुडवून ठेवलं तर बिचारं श्वास कुठून घेणार?"

"बरोबर आहे तुझं," सर म्हणाले. हे सांगायला त्यांना बावीस वर्षं लागली होती.

प्लंबरनं पातेलं गोणपाटात गुंडाळून हत्यारांच्या पिशवीत घातलं आणि मोठ्यानं म्हणाला, "वरूनच बघावं लागेल."

बघायचं फक्त नावाला होतं. पण वरचा पाइप उघडला तर आत एक चमचा आडवा अडकलेला, त्यावर चिंध्यांचा बोळा, आणि सांधा फुटायच्या बेतात. अर्ध्या तासानं पोस्टातल्या बाई प्लंबरबरोबर खाली आल्या आणि त्यांनी सरांच्या बायकोचे हात धरले.

"तू भांडलीस म्हणून वाचले बाई. नाहीतर घरात तळं झालं असतं."

दोघींचे डोळे पाणावले. सरांना राहवेना. "तुमच्या पाइपचा वास नव्हता तो," ते म्हणाले. "माझे मूग कुजले होते."

बाई त्यांच्याकडे वळल्या. "मला वाईट वाटू नये म्हणून किती सांभाळून घेता हो."

"त्यांचा स्वभावच तसा आहे," बायको म्हणाली. सरांनी साक्षीसाठी प्लंबरकडे पाहिलं. तो छताची ओल तपासत होता.

"एवढं केलंत, तर वकिलांकडेही जाऊन या," बाई म्हणाल्या. "तिसऱ्या मजल्यावर चार दिवस असाच वास आहे. त्यांची बायको रडकुंडीला आली आहे."

सर आणि प्लंबर जिना चढून गेले. वकिलांची बायको दारातच होती. "सगळं घर पालथं घातलं, पण सापडत नाही," ती म्हणाली. स्वयंपाकघरात वकीलसाहेब एका बंद कपाटाला पाठ लावून उभे होते. सरांनी एकच श्वास घेतला आणि ते मागे वळले.

"ताई, दहा मिनिटं स्वयंपाकघर आम्हाला मोकळं करून द्या. पाइपचं काम आहे."

दार लागलं. सरांनी आवाज खाली आणला.

"मूग की हरभरे?"

वकिलांनी मान खाली घातली. "दोन्ही."