'कीप'चे अठरा अर्थ

इंग्रजी शिकवण्यात माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय! छत्तीस वर्षं शिकवलं, निवृत्त झालो, तरी तोरा गेला नाही. त्यामुळे परगावच्या नातीचा गुरुवारी मेसेज आला, "आजोबा, 'कीप'चा अर्थ सांगा ना, परीक्षा आहे," तेव्हा मी बाह्याच सरसावल्या. चार महिन्यांत पहिल्यांदा तिला माझी गरज पडली होती. एक अर्थ? अठरा देईन!

माझा नियम असा, की उदाहरण पुस्तकातलं नको, स्वतःच्या जगण्यातलं हवं. तीन दिवस खपलो आणि रविवारी सकाळी धडाधड पाठवत सुटलो.

"अर्थ पहिला, ठेवणे. ही गेली, तरी मी रोज दोन कप मांडून ठेवतो."

"अर्थ चौथा, टिकणे. एकट्यापुरती केलेली भाजी दोन दिवस टिकते. मी किती टिकेन, ठाऊक नाही."

"अर्थ सातवा, करत राहणे. फोन वाजतोय का, हे मी बघत राहतो."

"अर्थ नववा, स्थितीत ठेवणे. दाराची कडी मी काढूनच ठेवतो. पडलोबिडलो तर लोकांना दार फोडावं लागू नये."

नववा पाठवून चष्मा पुसतोय, तोच जिन्यात धडधड! समोरच्या नर्सबाई रक्तदाबाचं यंत्र घेऊन आत घुसल्या. मागे गळ्यात टेप लटकवलेले तळमजल्यावरचे शिंपी, त्यांच्यामागे हत्यारांची पिशवी घेऊन किल्लीवाला!

"सर, हलू नका!" नर्सबाई ओरडल्या.

"अहो, मी हललोच कुठे?"

"कुलूप कुठंय?" किल्लीवाल्याने विचारलं.

"दार उघडंच आहे की!"

"मग मला कशाला पळवत आणलं?" तो शिंप्यांवर उखडला.

शिंपी मात्र रडवेले झाले होते. "सर, एवढं मनाला लागलं होतं तर खाली एक हाक मारायची!"

"काय मनाला लागलं? मी नातीला 'कीप' शिकवतोय!"

त्यांनी मुकाट्याने आपला फोन माझ्यापुढे धरला. आमच्या इमारतीचा ग्रुप. बेचाळीस माणसं. माझे नऊच्या नऊ अर्थ! मला ब्रह्मांड आठवलं.

"उदाहरणं आहेत हो ती! मी अगदी मजेत आहे!"

नर्सबाई माझ्या दंडाला पट्टा गुंडाळत होत्या. त्यांची नजर टेबलाकडे गेली. "मग हा दुसरा कप कोणाचा?"

मी मोकळ्या हाताने नाकावरचा चष्मा उगाच सारखा केला.

त्यांनी पालथा कप सुलटा केला. "चहा टाका सर. बसते मी."

मग वरचे आले, खालचे आले. कप संपले, पेले संपले, शेवटी शिंप्यांनी वाटीतून चहा प्यायला. आलोच आहे तर म्हणून किल्लीवाल्याने बिजागरीला तेल घातलं. कोणी विचारलं नव्हतं, तरी उरलेले नऊ अर्थ मी शिकवले. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटत होतं.

बारा वाजता सगळे आपापल्या घरी गेले. घर पुन्हा गप्प झालं. तेवढ्यात फोन वाजला, मी झडप घातली. नातीचा मेसेज!

"आजोबा, तुम्ही पाठवलंच नाहीत. पण असू दे, पेपर शुक्रवारी झाला. मैत्रिणीने सांगितला अर्थ. एकच लागतो!"

मी दोन्ही कप विसळून जागेवर मांडले. दार लोटलं. कडी लावत जा म्हणून किल्लीवाल्याने तीनदा बजावलं होतं, त्यामुळे हात कडीपर्यंत गेलाही. पण म्हटलं, राहू दे. बेचाळीस जणांना दिलेलं उदाहरण उगाच चुकायला नको!