तायवो आधी, केहिंदे मोठी

माणूस जिवंत आहे हे त्याच्याकडे नुसतं बघून कळतं. तो तोच आहे हे कळायला मात्र सक्षम अधिकारी लागतो. ही सोय नसती, तर जगात कोणीही उठून आपण स्वतः असल्याची बतावणी केली असती.

इबादान शहरातल्या तायवो आणि केहिंदे ओगुंदिरान या जुळ्या बहिणी चाळिशी उलटेपर्यंत अशीच बतावणी करत होत्या. लग्नकार्याला बायकांच्या डोक्याला गेले बांधून देणं हा त्यांचा धंदा. (गेले म्हणजे डोक्याला गुंडाळायचं भरजरी वस्त्र, कोणी गेलेलं नाही.) वडील शिकायला परदेशी असताना त्या तिथल्या थंडीत जन्मल्या, म्हणून त्या देशाच्याही नागरिक होत्या. हे नागरिकत्व लग्नात आलेल्या काचेच्या सेटसारखं न वापरता कपाटावर पडून होतं.

मग आईची सत्तरी आली. आई धाकट्या मुलाकडे, इडोवूकडे, त्याच थंड देशात राहायची. तिनं दोघींसाठी एकाच ताग्यातलं जांभळं कापड धाडलं आणि फोनवर बजावलं, "याल तर दोघी या. एकटी आली तर दार उघडणार नाही. मी जुळ्यांची आई आहे, अर्धवट आई नाही."

बहिणींनी व्हिसा मागितला. तो नाकारला गेला, आणि योग्यच होतं. नागरिकाला स्वतःच्या देशात यायला परवानगी कसली? पासपोर्टशिवाय मात्र विमानात पाऊल टाकता येणार नव्हतं. म्हणजे परक्या असत्या तर गेल्या असत्या. घरच्या निघाल्या म्हणून अडल्या. दोघींनी आयुष्यातल्या पहिल्या पासपोर्टसाठी अर्ज केले.

उत्तर तत्परतेनं आलं, म्हणजे आपण अर्ज केला होता हे त्यांच्या अजून लक्षात होतं. एकाच चेहऱ्याच्या, एकाच जन्मतारखेच्या, एकाच आईबापांच्या व्यक्तीनं किरकोळ नाव बदलून दोनदा अर्ज केल्याचं निदर्शनास आलं होतं. तरी अर्जदार एकापेक्षा अधिक असल्यास तसं एखाद्या प्रतिष्ठित नागरिकानं लिहून द्यावं.

त्या देशात शिकून आलेले दाताचे डॉक्टर अकिनलाबी प्रतिष्ठित होते आणि दुर्दैवानं प्रामाणिकही. त्यांनी दोघींना आ करायला लावला, बराच वेळ निरखलं आणि लिहिलं, "या दोन व्यक्ती आहेत. कोणती कोणती, हे सांगता येत नाही."

"डॉक्टर, दुसरं वाक्य लिहायची काय गरज होती?" तायवो कळवळली.

"खोटं कसं लिहू, केहिंदे?" डॉक्टर म्हणाले.

शेवटी तायवोला संगणकावर मुलाखतीला बोलावलं. (मुलाखत सुरू होताच लाइट गेली, जनरेटर लावला, हे ठरल्याप्रमाणेच झालं.) पडद्यावर लाल गालांचा एक तरुण साहेब होता, अतिशय नम्र.

"भावंडं?"

"एक मोठी बहीण, एक धाकटा भाऊ."

"मोठ्या बहिणीचा जन्म?"

"माझ्यानंतर पाव तासानं."

साहेबांची बोटं थबकली. "मॅडम, तुमच्यानंतर जन्मली तर ती धाकटी."

"अहो, धाकटी कशी? आमच्यात आधी येते ती तायवो, मागून येते ती केहिंदे, आणि मोठी केहिंदेच. तिनंच मला पुढे धाडलं! 'जा, बाहेर कसं काय आहे बघून ये' म्हणाली. मी रडून कळवलं, मग आली आरामात. पाठवणारी मोठी, का जाणारी?"

"हे... त्या तुम्हाला म्हणाल्या?"

"रडायला नव्हतं सांगितलं!" खोलीत असण्याची मनाई असलेली केहिंदे मागून ओरडली. "नुसतं बघून ये म्हटलं होतं!"

तायवोला हसू फुटलं. केहिंदेचं डोकं पडद्यात घुसलं, तीही खिदळायला लागली. साहेबांनी गंभीरपणे नोंद केली: अर्जदार हसते; शेजारी अर्जदारच हसते; सबब दोन.

उरला थोरलेपणाचा प्रश्न. त्यावर कार्यालयानं लढवलेला तर्क निर्दोष होता. दोघींच्या मते मोठीचं नाव केहिंदे. नियमानुसार आधी जन्मलेली ती मोठी. म्हणून आधी जन्मलेली ती केहिंदे. जुनी नोंद सुधारून पासपोर्ट आले: तायवोच्या फोटोशेजारी केहिंदे, केहिंदेच्या फोटोशेजारी तायवो.

"आपसात बदलून टाकू," केहिंदे म्हणाली. "चेहऱ्यावरून कोणाला कळतंय?"

पण तायवो बदलेना. जन्मभर सगळीकडे तिला पुढे ढकललं होतं. सुई आधी तिला, आमालाच्या वाफाळत्या गोळ्याचा चटका आधी तिच्या जिभेला, मास्तरांची छडी आधी तिच्या हातावर. आता एका सरकारनं तिला मोठी केलं होतं. ती दुकानातल्या एकुलत्या खुर्चीत बसली. "अक्का म्हण. आणि जा, गरम तळलेले पफ-पफ घेऊन ये."

"तो कागद थंड देशाचा आहे," केहिंदे फणकारली. "इथल्या उकाड्यात चालत नाही."

विमानातून उतरल्यावर मात्र तो चालू झाला. तपासणीच्या खिडकीपाशी केहिंदेचे पाय जमिनीला खिळले. ती उभ्या जन्मात कुठंही पहिली गेली नव्हती.

"अगं, तू जा ना पुढे," ती पुटपुटली.

तायवोनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "घाबरू नको. मी मागेच आहे."

केहिंदे गेली. पलीकडे पोचल्यावर तिनं वळून हात हलवला, आणि तायवोला काय झालं कोण जाणे, तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

सत्तरीच्या पंगतीत जांभळ्या कापडातल्या दोघींनी आईपुढे हा सगळा अन्याय मांडला. आई हसता हसता ठसकली.

"अगं, तुम्हाला एकाच दुपट्यात गुंडाळून आणलं होतं. पहिली कुठली, विचारलं, तर नर्स म्हणते, 'आई तुम्ही आहात, तुम्हाला ठाऊक.' मी म्हटलं, जास्त ओरडतेय ती तायवो."

तायवोचा घास हातातच राहिला. "आणि नसेल तर?"

"नसेल तर नसेल. मासा गार होतोय, जेवा."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. "आधी तू घे," एक म्हणाली. "छे, तू घे आधी," दुसरी म्हणाली. एवढं हसल्या की इडोवूला खिडक्या लावाव्या लागल्या.

वाचकांनी मात्र अस्वस्थ होऊ नये. या भानगडी परमुलखात आणि जुळ्यांतच होतात. कोणी सांगितलं म्हणून एखादं नाव लावून हिंडणाऱ्यांतले आपण नव्हेत. आपला जन्म झाला तेव्हा आपण जातीनं तिथं हजर होतो, आणि डोळे उघडे ठेवून सगळं नीट पाहून घेतलं होतं.