पांढऱ्याचा ठराव

अध्यक्षांच्या शर्टाच्या कफला शिवणीच्या बाजूने एक निळी कड दिसत असे. नीळ पाण्यात कितीही नीट ढवळली, तरी कापड जिथे दुहेरी असतं तिथे ती जास्त शोषली जाते आणि वाळल्यावर तिथेच राहते. पूर्वी त्यांची बायको बादलीभर पाण्यात दोन थेंब टाकायची. आता ती झाकण भरून टाकत होती आणि तरीही रोज सकाळी शर्ट खिडकीपाशी धरून अध्यक्ष म्हणायचे, "अगं, हा पिवळाच वाटतोय."

शर्ट पिवळा नव्हता. अध्यक्षांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं आणि माणसाला सगळंच पिवळं दिसू लागतं, हे डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून, चित्र काढून समजावलं होतं. ऑपरेशन लवकर करा, भिंग जितकं कडक होईल तितकं काम अवघड, असंही बजावलं होतं. अध्यक्षांनी चित्राची घडी करून ती खिशात ठेवली आणि बाहेर आल्यावर म्हणाले, "जरा पिकू दे."

"अहो, पिकायची वाट बघू नका, असंच तर म्हणाले ते."

"कॉलनीची कामं मार्गी लागू देत. मग बघू. आणि कुणाजवळ बोलू नकोस. लोक उगाच चौकशा करत बसतात."

ते घाबरले होते. तिला हे कळत होतं, पण त्यांनी कधी तसं कबूल केलं नव्हतं, म्हणून तिनेही तो शब्द काढला नव्हता. मात्र अलीकडे ते जिन्याची शेवटची पायरी आधी पावलाने चाचपत आणि मगच उतरत. ते बघितलं की तिच्या हातातलं काम थांबायचं.

कॉलनी म्हणजे एकच गल्ली, दोन्ही बाजूंना छोटे बंगले, प्रत्येकापुढे हातभर बाग. रहिवासी संघाच्या नियमाप्रमाणे घरांच्या बाहेरच्या भिंती पांढऱ्या ठेवायच्या. दरवर्षी अध्यक्ष आणि सेक्रेटरी पाहणीला निघत. यंदा अध्यक्ष पहिल्याच घरापाशी थबकले. ते घर गाणं शिकवणाऱ्या बाईंचं होतं.

"बाई, भिंत पिवळी पडलीय तुमची."

"अहो, मागच्या महिन्यात तर रंग दिला!"

"मग हलका रंग दिला असणार," अध्यक्ष सौम्यपणे म्हणाले. "रंगारी फसवतात हो."

रंगाऱ्याला बोलावणं गेलं. त्याने त्यांच्यासमोर नवा डबा फोडून भिंतीवर एक पट्टा मारला. अध्यक्षांनी मान हलवली. त्याने दुसरा डबा फोडला.

"साहेब, याच्यापुढे पांढरा नाही. कंपनीच काढत नाही."

"नीळ घाला थोडी. आमच्याकडे शर्टाला घालतात. हे बघा, तरी बराच पांढरा झालाय."

रंगाऱ्याने शर्टाकडे पाहिलं. मग सेक्रेटरींकडे पाहिलं. सेक्रेटरी बागेतल्या कुंडीकडे बघत होते. रंगाऱ्याने निमूटपणे नीळ घातली, आणखी घातली, आणि पट्टा स्वच्छ आकाशी दिसू लागल्यावर अध्यक्षांचा चेहरा उजळला. "हा! याला म्हणतात पांढरा."

ते दोघे परत निघाले तेव्हा बाई सेक्रेटरींना कोपऱ्यात गाठून म्हणाल्या, "तुम्ही सांगत का नाही त्यांना?"

"सांगतो की. ते नाराज होऊन राजीनामा देतील. मग अध्यक्ष कोण होणार? तुम्ही होता?"

बाईंनी भिंतीकडे पुन्हा एकदा पाहिलं. "तसा वाईट नाही दिसत," त्या म्हणाल्या.

आता झालं असं की, बाईंच्या निळ्या भिंतीशेजारी इतरांच्या पांढऱ्या भिंती अध्यक्षांना फारच पिवळ्या दिसू लागल्या. घरोघर नोटिसा गेल्या. एकदोघांनी आपल्या मनाने पांढरा लावून पाहिला; तो नापास होऊन पुन्हा करावा लागला. त्यानंतर कुणी रंगाच्या नावाच्या भानगडीत पडलं नाही. रंगाऱ्याला नुसतं सांगत, "पास होणारा लावा." बघता बघता अख्खी गल्ली निळी झाली. सांडपाण्याच्या दुरुस्तीला आलेला प्लंबर पांढऱ्या घरांची कॉलनी शोधत दोनदा पुढे निघून गेला आणि तुंबलेलं गटार आणखी एक दिवस तुंबलेलं राहिलं. अध्यक्ष म्हणाले, "कॉलनीचा बोर्ड पिवळा पडला असेल." बोर्डही रंगवून घेतला.

त्याच आठवड्यात ते जिन्यावरून घसरले. फार लागलं नाही, गुडघा खरचटला. बायको औषध लावत असताना म्हणाले, "पायरीचा रंग बदलायला हवा. दिसत नाही नीट."

तिने औषधाच्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि त्यांना हाताला धरून उठवलं.

वार्षिक सभा बाईंच्या गाण्याच्या खोलीत भरली. चौथा विषय नव्या रहिवाशाचा होता. हा तरुण फोटोग्राफर नुकताच राहायला आला होता आणि कुणालाही न विचारता त्याने घराला पांढरा रंग दिला होता.

"तुमची भिंत नियमात बसत नाही," अध्यक्ष म्हणाले. "पिवळी आहे."

"काका, माझी पांढरी आहे. तुमच्या सगळ्यांच्या निळ्या आहेत."

खोलीत कुणीतरी खोकलं. बाईंनी तंबोऱ्याची गवसणी सारखी केली.

"ठीक आहे," अध्यक्ष शांतपणे म्हणाले. "आपण मत घेऊ. या खोलीची बाहेरची भिंत पांढरी आहे, असं म्हणणाऱ्यांनी हात वर करावा."

निळी म्हटलं तर पुन्हा रंगवावं लागणार, हा हिशेब प्रत्येकाने मनातल्या मनात केला. हात भराभर वर गेले. बाईंचा सगळ्यात आधी गेला.

"निळी म्हणणारे?"

फोटोग्राफरने हात वर केला. सेक्रेटरी त्याच्याकडे झुकून कुजबुजले, "खाली घ्या हो. पुढचे अध्यक्ष तुम्हालाच करतील." त्याने सभोवार पाहिलं आणि हात हळूच केसांतून फिरवून खाली घेतला.

"म्हणजे एकमताने..." अध्यक्षांनी सुरुवात केली आणि ते थांबले. शेवटच्या रांगेत एक हात वर होता. चेहरा त्यांना स्पष्ट दिसत नव्हता, पण बांगडीचा आवाज ओळखीचा होता.

"तू?"

"हो."

"निळी आहे?"

"निळी आहे. सगळी गल्ली निळी आहे."

"मग हे सगळे?"

"त्यांना पुन्हा रंगवायचं नाहीये."

कुणीही अध्यक्षांच्या नजरेला नजर दिली नाही. खरं तर त्याची गरज नव्हती. त्या अंतरावरून त्यांना नजरा दिसतच नव्हत्या. त्यांनी टेबलाची कड धरली.

"वहिनी, राहू द्या ना," सेक्रेटरी पुटपुटले. "आता बोर्डही रंगवून झालाय..."

"नाही राहू देणार," ती म्हणाली. तिचा हात अजून वरच होता. "तुम्हाला भिंतीचं पडलंय. हे परवा जिन्यावरून पडले."

अध्यक्षांनी तिच्या आवाजाच्या दिशेने पाहिलं. मग सगळ्यांसमोर, अगदी घरात बोलावं तसं विचारलं, "दुखतं का गं ते?"

"डॉक्टर म्हणाले, नाही."

"डॉक्टर म्हणणारच."

"मी बाहेर बसलेली असेन."

कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी घसा साफ केला आणि सभा चालवण्याच्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचा विषय. अध्यक्षांच्या डोळ्यांचं ऑपरेशन. सूचक, माझी बायको." इथे ते क्षणभर थांबले. "अनुमोदक, मी. याच आठवड्यात करून घेऊ."