सासऱ्यांच्या खात्यातून दातांची आठवण

दातांच्या दवाखान्याची वेबसाइट जावयाने बनवली खरी, पण रुग्णांना दात तपासून घ्यायच्या आठवणीची मेल काही जाईना. सर्व्हर अडून बसला: आधी खातं आणि पासवर्ड दाखव, मग मेल पाठव. दवाखान्याचा पासवर्ड फक्त डॉक्टरीणबाईंना ठाऊक, आणि त्या परगावी. जावयाच्या स्वतःच्या खात्याला दर वेळी मोबाइलवरचा कोड लागे. उरलं सासऱ्यांचं मेलचं खातं. ते यानेच उघडून दिलेलं, पासवर्डही यानेच ठेवलेला. त्याने तो मेल पाठवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये ठोकून दिला. आजच्यापुरता, म्हणे. आळशी माणसाचं आजच्यापुरतं वर्षभर पुरतं.

मेल सुरळीत जाऊ लागल्या आणि गडी विसरून गेला.

तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंचा फोन आला. मंगळवारी अकराच्या ठोक्याला सतरा जण दारात उभे होते. प्रत्येक जण म्हणे, मला हीच वेळ दिलीय. वेळा देणं काउंटरवरच्या मुलीचं काम. बाईंनी तिला महिनाअखेरीपासून घरी बसायला सांगितलं होतं. जावयाने स्क्रिप्ट उघडली, सासऱ्यांचं नाव पाहिलं आणि ओळखलं: रुग्णांची उत्तरं थेट सासऱ्यांकडे जात होती. तरी फोनवर तो एवढंच म्हणाला, "बघतो."

बघितलं काहीच नाही. चार दिवस तोंड लपवून काढले. रविवारी सासुरवाडीला जेवायला जावं लागलं.

सासरे निवृत्त हेडमास्तर. पत्राला उत्तर न देणं म्हणजे त्यांच्या लेखी उर्मटपणा. अनोळखी माणसं मेलवर 'कधी येऊ?' असं विचारू लागली, तेव्हा पालकांना बोलवावं तसं त्यांनी एकूण एकाला कळवलं होतं: मंगळवारी, सकाळी अकरा, वेळेवर.

"एकाने मूळ मेल परत धाडली," ताटावर बसताना ते म्हणाले. "खाली तुमच्या दवाखान्याचा पत्ता होता. मग उलगडलं."

जावयाने हातातला घास ताटात ठेवला. "मी उद्या डॉक्टरांना सांगतो. त्या मुलीची नोकरी..."

"ती शाबूत आहे. मी कालच डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. म्हटलं, चूक माझी. म्हाताऱ्याने नको तिथे बोट दाबलं."

"पण तुमची काय चूक?"

"तुमचं नाव घेतलं असतं तर काम गेलं असतं. माझं काय जाणार?" त्यांनी वरणाची वाटी पुढे सरकवली. "त्या रागावल्या जरा. सगळ्यांसमोरच. मग म्हणाल्या, जावई एवढा हुशार आहे, त्याच्याकडून दोन गोष्टी शिकून घ्या."