आकाशदुर्गाच्या निशाणाची हकिकत

श्रीसूर्यनारायण साक्ष. राज्याभिषेक शक एकतीस, नळनाम संवत्सर, ते समयी घडले तैसे लिहिले. दोष ज्याचा त्याने घ्यावा.

महाराजांनी आभाळात दुर्ग वसविला, पृथ्वीभोवती फिरता. तेथे लाकूड नाही, तेल नाही. ऊन मात्र उदंड. मग धोंडसेठ तांबट यांस आज्ञा जाहली, आणि त्यांनी उन्हातून वीज काढणाऱ्या निळ्या चकत्या घडविल्या, आणि एकीस एक जोडून माळ केली, आणि तिजवर दिवा, हवेचे यंत्र, बोलण्याचे यंत्र ऐसे चालविले. धोंडसेठ विनवून बोलिले, "सरकार, एका चकतीवर सावली पडली तर सगळी माळ अडते. बगलेनं विजेला चोरवाट ठेवू द्या." दरबार दचकला. मागे दोन गड चोरवाटेनेच गेले होते. महाराज म्हणाले, "आमच्या गडास चोरवाट नाही." शहाण्याचे तोंड बंद करण्यात दरबार पहिल्यापासूनच तरबेज.

मग दादजी वाकसकर किल्लेदार होऊन वर गेले, आणि तेथे वारा नाही म्हणून जरीचे निशाण तारेवर ताणून रिवाजाप्रमाणे चढविले, आणि त्याची सावली नेमकी एका चकतीवर पडली. दिवा विझला, हवेचे यंत्र थांबले. उरल्यासुरल्या विजेवर दादजींचा आवाज आला, "महाराज, निशाण उतरवू का? हवा सरत आलीय." आता निशाण उतरले म्हणजे गड पडला, आणि हुकुमाविना उतरवील तो फितूर. शास्त्री बसले, मुत्सद्दी बसले, आणि उतरविण्याचा हुकूम सुटेपर्यंत आवाज बंद जाहला. वाईट जाहले. फार वाईट जाहले.

पुढे काही दिवसांनी दुर्ग माथ्यावर आला तो दिवा लागलेला. दुर्बिणीतून पाहता निशाण उतरलेले. आणि यंत्रातून दादजींचाच आवाज, अगदी शांत, "आज्ञेप्रमाणे उतरवलं. पुढची आज्ञा?"

धोंडसेठ पांढरे पडले. "सरकार, वर हवा नाही. कधीचीच नाही."

दादजींची बायको साळूबाई दरबारात आली आणि पदर पसरून म्हणाली, "ते गेलेत, सरकार. चाकरी झाली म्हणा. निजू द्या त्यांना." परंतु अन्न मागत नाही, हवा मागत नाही, ऐसा चाकर पाहून महाराज खूष जाहले होते. यंत्रात म्हणाले, "पहारा चालू ठेवा."

"जशी आज्ञा," आवाज आला.

तात्पर्य, महाराज कैलासवासी जाहले, साळूबाई गेली, राज्यही बुडाले. हुकूम मागे घेणारे कोणी उरले नाही. दिवा फिरतो आहे.