गुरुजींचा जुळा भाऊ

गेल्या बारा दिवसांत बसायला मिळालं ते फक्त कोंडिबाच्या घशाला. शिरूरच्या तंबू टॉकीजमध्ये पडद्याशेजारी उभं राहून माइकवर सिनेमा मराठीत समजावून सांगायचा, हे त्याचं काम. यंदा मालक पोपटशेटनं कुंगफूचा सिनेमा आणलेला. बोलणं इंग्रजी, माणसं चिनी आणि पब्लिक वडगाव रासाईहून गाड्या जुंपून येणारं. मारामारी कुणाला समजावून सांगावी लागत नाही, तेवढाच काय तो विसावा. उद्या खेळ संपला की सिनेमा दौंडला जाणार आणि कोंडिबाला आठ दिवस सुट्टी. त्या आठ दिवसांत बायकोशीसुद्धा एक शब्द बोलायचा नाही, असं त्यानं ठरवलं होतं.

त्या संध्याकाळी ऑपरेटर मल्हारीनं डुलकीच्या भरात रिळांची अदलाबदल केली. म्हातारे गुरुजी मारले गेले, चेल्यानं चिता पेटवली, बायांनी डोळ्याला पदर लावला आणि लगेच पुढच्या रिळात गुरुजी अंगणात चहा पीत बसलेले. तंबूत गलका उठला. पब्लिक बिथरलं की तंबूच्या दोऱ्या कापतं, हे कोंडिबाला ठाऊक होतं.

"मंडळी, ह्यो त्यो न्हवं," तो थकून म्हणाला. "ह्यो त्याचा जुळा भाऊ हाय. सूड घ्यायला आलाय."

तंबूचा जीव भांड्यात पडला. मग जुळ्या भावाच्या एकेका लाथेला शिट्ट्या वाजल्या आणि टोप्या उडाल्या. शेवटच्या रिळात तो दिसेना, तेव्हा कोंडिबानं त्याला हिमालयात धाडून दिलं.

दुसऱ्या दिवशी रिळं बरोबर लागली. गुरुजी एकदाच जगले, एकदाच मेले. सिनेमा संपला तरी कुणी उठेना. वडगावचे हौसराव आप्पा तेवढे उभे राहिले.

"कोंडिबा, पावण्यांना मुद्दाम आणलंय. जुळा भाऊ कुठं हाय?"

"आप्पा, सिनेमा एवढाच हाय."

"एवढाच कसा? काल आम्ही डोळ्यानं बघितला की."

पोपटशेटनं हात जोडून भाऊ उद्या नक्की येईल असं सांगितलं, तेव्हा कुठं लोक हलले. मग त्यानं मल्हारीला रिळं कालच्यासारखीच चुकवायला बजावलं आणि कोंडिबाच्या खांद्यावर हात ठेवला.

"अजून पंधरा दिवस हितंच. मग दौंडला तुलाबी यावं लागंल. भावाचं तुझ्याबिगर कुणाला ठावं हाय?"

कोंडिबा घरी येऊन मुकाट्यानं ताटावर बसला. त्याला रडू येत होतं, पण रडायलाही घसा लागतो. बायकोनं, सोजराबाईनं, भाकरी वाढली आणि ती समोरच बसून राहिली.

"एक इचारू? त्यो जुळा थोरला का धाकटा?"

"धाकटा," कोंडिबा कसाबसा म्हणाला.

सोजराबाईनं पाट पुढं ओढला. "लगीन झालंय का त्याचं?"